घरच्या तुरीची साक्ष

लातूर, २१ ऑक्टोबर २०२४

या वहीत मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. आपल्या शिवारातल्या तुरीतून काढलेले विकर (एन्झाइम) आपल्याच मुलांनी बनवलेल्या पट्टीवर बसवले, तर ते रक्ताच्या एका थेंबातील युरिया बाहेरून मागवलेल्या विकराइतक्याच अचूकपणे मोजते आणि तितकेच दिवस टिकते. आधी प्रतिज्ञा, मग हेतू, मग उदाहरण, हा क्रम मला लहानपणी मठातल्या शरणप्पा गुरुजींनी लावला. पुढे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, तरी प्रतिज्ञा लिहिल्यावाचून खडू पुढे सरकला नाही.

निवृत्तीनंतर विद्यापीठाने मला लातूरच्या प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून ठेवले आहे. विद्यापीठ नांदेडला, इथे आमच्या दोन खोल्या, एक फ्रिज आणि वीज गेली की त्याला जगवणारा इन्व्हर्टर. प्रमुख डॉ. मंजुषा कोरे. त्या एके काळी माझ्याच विद्यार्थिनी होत्या. संशोधक दोघे, किल्लारीची पुनम बाबळसुरे आणि देगलूरचा हरिओम.

या खोल्यांत काय चालते ते एकदा नोंदवून ठेवतो. पट्ट्या छापण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. हरिओमने गंजगोलाईतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून रेशमी जाळीची जुनी चौकट आणली आणि तिच्यातून कार्बनची शाई दाबून प्लास्टिकच्या कागदावर पट्ट्या छापल्या. पहिल्या खेपेला प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात गणपतीची सोंड पुसटशी उमटली होती. पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसतात. त्यांचे द्रावण पिवळे नसून डाळिंबाच्या रसासारखे लाल असते. त्या कणांवर तुरीतले युरिएज हे विकर बसते. ते युरिया फोडते, फोडताना विजेचा जो किंचित प्रवाह निर्माण होतो तो यंत्र मोजते. तूर भिजवणे, गारव्यात वाटणे, गाळणे, विकर वेगळे करणे, हे सगळे पुनमचे काम. उन्हाळ्यात तिने बनवलेल्या पट्ट्या अजून फ्रिजमध्ये जिवंत आहेत. असे हात मी फार थोडे पाहिले आहेत.

तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत जानेवारीअखेर संपते आणि ती आता वाढणार नाही. दहा जानेवारीला नांदेडला संशोधन समितीपुढे तिचे सादरीकरण आहे. त्यासोबत माझा लेखी अभिप्राय जाईल. मुलीची पाच वर्षे त्या अभिप्रायावर उभी आहेत, याची मला जाणीव आहे.

२८ ऑक्टोबर

पुनमच्या तुरीत कीड निघाली. बरणी उजेडात धरली तर दाण्यांना टाचणीने पाडावीत तशी भोके आणि तळाशी पीठ. तिच्या घरी तूर उन्हात वाळवून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवतात. पाला जुना झाला की कीड येणारच.

मी तिघांना बसवून सांगितले की, किडीबरोबर सूक्ष्मजीव येतात आणि कित्येक सूक्ष्मजीवांच्या अंगी युरिएज असते. तेव्हा पट्टीवरचे विकर तुरीचेच, असे आपण म्हणू शकत नाही. पुनम म्हणाली, "सर, चांगला दाणा निवडून घेत होतो की आम्ही." निवडणे म्हणजे पुरावा नव्हे. ती तूर मी परत पाठवायला लावली आणि माझ्या घरची देण्याचे कबूल केले. निलंगा रस्त्यावर आमचे थोडे शेत आहे. तूर त्यातलीच, गेल्या माघात कोठीत भरलेली.

संध्याकाळी माझ्या पत्नीने, उमादेवीने, कोठी उघडून दिली. दाणा नवा काढल्यासारखा होता. आमच्या कोठीत कित्येक वर्षे कीड शिरलेली नाही आणि याचा तिला रास्त अभिमान आहे. दाण्यांच्या थरांत ती बाजारातून आणलेल्या कसल्याशा पांढऱ्या पुड्या ठेवते. ते तिचे खाते. मी त्यात लक्ष घालत नाही.

२९ ऑक्टोबर

बरणी विभागात नेली, तर हरिओमने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. हे नमुनाद्रव्य आहे, प्रसाद नव्हे, असे मी त्याला बजावले. तो हसला, पण बरणी त्याने रसायनांच्या कपाटात न ठेवता बसवेश्वरांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली. मी ते चालवून घेतले.

१३ नोव्हेंबर

दिवाळीनंतर काम सुरू झाले. नव्या तुरीच्या पट्ट्या मंद आहेत. उन्हाळ्यातल्या पट्टीचा प्रतिसाद शंभर धरला, तर या पस्तिसावर सुरू होतात आणि आठवडाभरात पंधरावर येतात. हरिओमचे निदान असे: "सर, पट्टी सकाळी हजेरी लावती अन् दुपारी दांडी मारती." मंजुषाताई हसल्या. पुनम हसली नाही.

मी तिला सगळी कृती माझ्यासमोर पुन्हा करायला लावली. तिच्या हाताला दोष काढता आला नाही. वाटताना भांडे बर्फात, गाळताना कापड तीनदा धुतलेले, प्रत्येक पायरीची वेळ फळ्यावर. तरी पट्ट्या मंद.

२१ नोव्हेंबर

निवडणुकीच्या कामाला इमारतीतली निम्मी माणसे गेली होती, त्यामुळे शांतता मिळाली. पुनमने आज एक चतुर प्रयोग केला. निजलेल्या विकराच्या द्रावणात तिने सिस्टीन हे गंधकयुक्त द्रव्य घातले, तर विकर अर्धेअधिक जागे झाले. तिचा तर्क असा की विकराला कोणत्यातरी जड धातूने धरले आहे आणि गंधकाने त्याची पकड सोडवली.

तर्क ऐकण्यासारखा आहे. युरिएजला पारा, चांदी, शिसे यांचे वावडे असते. त्यांतही पारा इतका जालीम की त्याचा अंश म्हणावा एवढाही पुरतो. मी धातू येण्याच्या वाटा फळ्यावर लिहिल्या: पाणी, भांडी, रसायने, छपाईची शाई, उपकरणे. एकेक तपासायची.

पुनम फळ्याकडे बराच वेळ पाहत होती. आणखी काही सुचते का, असे मी विचारले. ती म्हणाली, "न्हाई सर. घरची थोडी तूर परत आणून बघू का, एवढंच." मी नकार दिला. ज्या साधनावर आक्षेप आहे, त्याने दुसऱ्या साधनाची परीक्षा होत नाही.

२ डिसेंबर

पाणी निर्दोष. भांडी आम्लाने धुतली, निर्दोष. रसायनांच्या नव्या बाटल्या उघडल्या, फरक नाही. शाई उन्हाळ्यातलीच आहे.

उरली उपकरणे. जुन्या कपाटात पाऱ्याच्या तापमापकांची पेटी होती; तीत एक जागा रिकामी दिसली. मी हरिओमला बाजूला घेऊन विचारले की, तापमापक फुटला आणि लपवला, असे तर झाले नाही? तो म्हणाला, "सर, आईची आण. ती पेटी आमच्या आधीपासून पडून हाय. आम्ही सगळे आकड्यावालेच वापरून राहिलो." मी त्याला आण घ्यायला सांगितले नव्हते. मंजुषाताईंनी सामानाच्या जुन्या यादीत तो तापमापक आम्ही येण्यापूर्वीच मोडीत निघाल्याची नोंद दाखवली. मी हरिओमची क्षमा मागितली. तो इतका अवघडला की क्षमा मागितली नसती तर बरे झाले असते.

धातूच्या सर्व वाटा बंद झाल्या. सहावी वाट संभवत नाही.

९ डिसेंबर

आता युक्तिवाद मांडतो.

जेव्हा तुरीत कीड होती, तेव्हा पट्टीला प्रतिसाद होता. जेव्हा कीड नाही, तेव्हा प्रतिसाद नाही. बाकी सर्व गोष्टी तपासून समान आढळल्या. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. म्हणून उन्हाळ्यातले विकर तुरीचे नव्हते. ते किडीबरोबर आलेल्या सूक्ष्मजीवांचे होते. सिस्टीनने विकर जागे होते, याचा अर्थ एवढाच की सिस्टीन दुबळ्या विकराला सावरते.

हा निष्कर्ष माझ्याच प्रतिज्ञेच्या विरुद्ध जातो. परंतु प्रतिज्ञा आपली म्हणून ती खरी ठरत नाही. हे लिहिताना मला दुःख आहे, संकोच नाही.

मंजुषाताईंना वाचून दाखवले. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारले, "सर, 'बाकी सर्व समान' हे आपण खरंच सगळं तपासलं का?" मी फळ्यावरची यादी दाखवली. त्यांनी काहीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला, मग चहा मागवला.

१८ डिसेंबर

पुनमला सांगितले. अभिप्रायात मी लिहिणार की तुरीच्या विकराचा दावा पुनःप्रयोगात टिकत नाही. तिने शांतपणे विचारले की मग प्रबंध राहतो का. मी म्हणालो, राहत नाही; नवी नोंदणी करता येईल.

ती म्हणाली, "किल्लारीच्या बसमध्ये लोक विचारतात, सोन्याचं पाणी करणारी पोरगी तूच का. दादा तिकीट काढता काढता सगळ्यांना सांगतात, आमची तूर दवाखान्यात जाणार हाय म्हणून. त्यांना आता काय सांगू, सर? तूर खोटी निघाली, का मी?"

दादा म्हणजे तिचे वडील शेषेराव. मी म्हणालो की खोटे कोणीच नाही, अनुमान चुकले. तिने मान हलवली आणि वाटलेल्या तुरीचे भांडे धुवायला गेली. त्या दिवशीचे द्रावण तिने तरीही पूर्ण केले, लेबल लावले, फ्रिजमध्ये ठेवले. शिस्त अशी असते. असे शिष्य मिळणे हा माझा अभिमान आहे, आणि तिच्याविरुद्ध मलाच लिहावे लागते आहे.

३० डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. लातुरात या दिवशी कुलपे घरांना आणि माणसे रानात. विभागातले तिघेही आमच्या शेतात आले होते. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, रानभर आंबील शिंपडली, मग भज्जी, उंडे आणि खीर. उमादेवीचा आग्रह असा की हरिओमने चौथ्या उंड्याला हात जोडले. ती म्हणाली, "शास्त्र शिकून पोट लहान करून घेतलं का रे?" तो म्हणाला, "काकू, पोट मोठं हाय, पण देगलूरला घरी जाऊन परत जेवावं लागतं. आई ऐकत न्हाई."

यंदा तूर चांगली आहे. बांधाकडच्या ओळी वाळत आल्या आहेत. जेवणानंतर उमादेवी आणि पुनम कोपीच्या सावलीत बसल्या होत्या. उमादेवी तिला धान्य कसे ठेवावे ते समजावत होती. पुड्यांविषयीही काही सांगत असावी, कारण पिशवीतून एक काढून तिने मुलीच्या हातावर ठेवली. सासरी गेल्यावर उपयोगी पडेल, अशा हेतूने असणार. पुनमने ती खिशात टाकली. खिरीची वाटी तशीच राहिली. थोड्या वेळाने ती एकटीच बांधाकडे जाऊन वाळलेल्या शेंगा तोडू लागली. हरिओमही मागून गेला आणि दोघे खाली मान घालून बोलत राहिले.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. ज्याच्याविरुद्ध निर्णय दिला, त्याला आपल्या सहवासाचा भार देऊ नये.

३ जानेवारी २०२५

अभिप्राय तयार आहे. स्वाक्षरी करून मंजुषाताईंकडे देणार होतो, तेव्हा पुनम दारात आली आणि सोमवारपर्यंत थांबण्याची विनंती केली. कारण विचारले, तर म्हणाली की एक प्रयोग चालू आहे, अर्धवट सांगणे बरे नव्हे. हे तिने माझ्याकडूनच उचलले आहे. मी कागद खणात ठेवला.

६ जानेवारी

आज घडले ते घडल्या क्रमाने लिहितो.

टेबलावर तीन बाटल्या होत्या: अ, ब, क. पुनम म्हणाली की तिन्हींत तुरीचे विकर आहे, कृती एकच, हात तिचाच. पट्ट्या मी स्वतः लावाव्यात. मंजुषाताई आणि हरिओम भिंतीला टेकून उभे होते.

'अ' लावली. प्रतिसाद सत्त्याण्णव, उन्हाळ्यातल्या पट्टीइतकाच. 'ब' लावली. पस्तीस. 'क' लावली. साठ.

मी विचारले, 'अ' म्हणजे किल्लारीची तूर का? मी नको म्हटले असताना आणली का?

"न्हाई सर. तिन्ही तुरी तुमच्याच शेतातल्या. 'अ' येळवशीला बांधावरून तोडलेली. कीड न्हाई, भिंगाखाली एकेक दाणा बघितलाय. 'ब' तुमच्या कोठीतली."

म्हणजे कीड नसतानाही पूर्ण प्रतिसाद. माझा व्यतिरेक त्याच क्षणी कोसळला. मी म्हणालो, शेत एक, वाण एक, मग 'अ' आणि 'ब' यांत फरक कोणता? आणि 'क' काय आहे?

पुनम आणि मंजुषाताईंनी एकमेकींकडे पाहिले. शेवटी हरिओम म्हणाला, "सर, फरक काकूंना ठाऊक हाय."

पुनमने खिशातून एक पांढरी पुडी काढून टेबलावर ठेवली. 'क' म्हणजे बांधावरचीच तूर. ती येळवशीच्या सांजेपासून झाकणाच्या बरणीत या पुडीसोबत ठेवली होती. पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक शब्द होता. मी चष्मा पुसून वाचला. पारद.

पारद म्हणजे पारा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी मी वर्गात तो शब्द फळ्यावर लिहिलेला आहे.

शरणप्पा गुरुजी म्हणत, जिथे आग तिथे धूर असे ठामपणे सांगणाऱ्याने आधी लाकूड ओले होते का ते विचारावे. धूर आगीचा नसतो, ओलेपणाचा असतो. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. पुडी नव्हती तिथे कीडही जगली आणि विकरही. पुडी होती तिथे दोन्ही मेली. मी कीड आणि विकर यांचे नाते जोडत बसलो आणि दोघांना मारणारी वस्तू माझ्या घरात होती. फळ्यावर पाच वाटा लिहिल्या. प्रत्यक्ष तूर लिहिलीच नाही.

मी पुनमला विचारले, तुला संशय कधी आला? ती म्हणाली, धातूचा तर्क केला त्याच दिवशी. यादीत तूर नव्हती तेव्हाच. मी विचारले, मग बोलली का नाहीस?

ती खाली बघून म्हणाली, "सर, ती तुमच्या घरून आली होती."

मी मंजुषाताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "माझंही तेच झालं, सर. 'बाकी सर्व' म्हणून विचारलं. त्याच्या पुढं जीभ गेली नाही."

हरिओम बसवेश्वरांच्या तसबिरीकडे गेला. त्याने फळीवरची ती बरणी दोन्ही हातांनी उतरवली आणि रसायनांच्या कपाटात ठेवली.

अभिप्राय फाडला. तुकडे पुनमसमोर केले नाहीत. ते नाट्य झाले असते.

७ जानेवारी

काल घरी जाऊन उमादेवीला सांगितले. आधी तिला पटेना. शेजारच्या चतुराबाईंनीच तिला पुड्यांची सवय लावली होती. गल्लीतल्या बहुतेक कोठ्यांत त्या आहेत. मग तिने कोठी उघडून पुड्या एकेक बाहेर काढल्या.

"इतकी वर्सं तुमच्या ताटात हीच डाळ वाढली मी," ती म्हणाली. मी म्हणालो की दोष तिचा नाही. दोघांची रक्ततपासणी करून घेऊ. ती म्हणाली, "माझा दोष न्हाईच. रसायनाचा मास्तर या घरात जेवत होता. तुमच्या शास्त्राला माझी कोठी कधी दिसली न्हाई व्हय?"

 ते तिचे खाते, असे मीच लिहून ठेवले आहे. आज मागची पाने चाळताना ते वाक्य पुन्हा वाचले.

सकाळी ती चतुराबाईंकडे गेली आणि येताना त्यांच्या तुरीची ओंजळभर पुरचुंडी घेऊन आली. पुनमकडे द्यायला सांगितले. दुपारपर्यंत गल्लीतल्या आणखी दोन घरांचे नमुने आले. माझ्या सल्ल्यावाचून प्रयोग सुरू झाला आहे.

१० जानेवारी, नांदेड

पहाटेच्या बसने निघालो. अहमदपूर मागे पडेपर्यंत पुनम खिडकीकडे तोंड करून स्वतःशी पुटपुटत होती. लोह्याला चहा घेताना हरिओमने तिला सांगितले, "समितीतले सर लोक बघून घाबरू नको. त्यांच्या बी घरी कोठ्या हायत."

ती घाबरली नाही. उन्हाळ्यात बनवलेल्या, किल्लारीच्या तुरीच्या पट्ट्या तिने बर्फाच्या डब्यातून आणल्या होत्या. समितीतल्या एका सदस्यांनी स्वतः तयार केलेले, तिला माप न सांगितलेले द्रावण पट्टीवर टाकले. यंत्राने सांगितलेला आकडा आणि त्यांच्या कागदावरचा आकडा यांत नगण्य अंतर होते. शेजारी तितक्याच जुन्या, आबईच्या शेंगेतून काढलेल्या, बाहेरून मागवलेल्या विकराच्या पट्ट्या होत्या. त्यांचा आकडा जरा अधिक चुकला. मी या वहीच्या पहिल्या पानावर जे सिद्ध करायचे म्हटले होते ते त्या टेबलावर सिद्ध झाले. ते सिद्ध करताना ती मुलगी एकदाही आवाज चढवून बोलली नाही.

मग तिने निजलेल्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. गल्लीतल्या घरांचे नमुने तिने तक्त्यात मांडले होते: जिथे पुडी, तिथे पट्टी मंद, जिथे कडुनिंबाचा पाला, तिथे पट्टी जागी. म्हणजे एकाच पट्टीने रक्तातला युरिया मोजता येतो, आणि साठवलेल्या दाण्यापासून केलेली तीच पट्टी निजली, तर साठवणीतला पारा हुडकता येतो. समितीतले दोघे पुढे झुकून ऐकत होते.

अध्यक्षांनी विचारले, "नोव्हेंबर-डिसेंबरात वापरलेली ती दूषित तूर तुम्ही कुठून आणली होती?"

पुनमने क्षणभर टेबलावरच्या पट्ट्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "एका ओळखीच्या घरून, सर."

मी उठून उभा राहिलो. सल्लागाराने सादरीकरणात मध्ये बोलायचे नसते, हा नियम मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "ओळखीचे नव्हे. माझ्या घरून. या मुलीने ती तपासायला हवी, हे तिला माझ्याआधी कळले होते; ती ते बोलू शकेल असा विश्वास मी तिला दिला नव्हता. माझा अभिप्राय तिच्याविरुद्ध तयार होता. तो आता नाही."

 अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला, पुनमला पुढचा प्रश्न विचारला, तोही साधाच. तासाभराने तिचे काम मान्य झाल्याचे सांगितले गेले.

बाहेर तिने शेषेरावांना फोन लावला. बोलणे संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, दादा म्हणतात, तूर खोटी न्हाई म्हणल्यावर बास. पोरीचं नंतर बघू." आणि ती हसली, दिवाळीनंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

लातूर, ११ जानेवारी

या वहीचे विधान सिद्ध झाले आहे. ते किल्लारीच्या तुरीने, लग्नपत्रिकेच्या जाळीने आणि पुनम बाबळसुरे, हरिओम व मंजुषाताई या तिघांच्या हातांनी सिद्ध केले. माझ्यामुळे नव्हे, काही काळ माझ्या विरोधात. असे लोक माझ्या प्रयोगशाळेत आहेत, असे लिहिण्याचा मोह होतो. मी त्यांच्या प्रयोगशाळेत आहे, हे अधिक अचूक आहे.

आज सकाळी उमादेवीने कोठी रिकामी करून धुतली आणि तळाशी कडुनिंबाचा पाला अंथरला. नवी तूर महिन्याभरात येईल. ती कोठीत जाण्याआधी तिची एक ओंजळ विभागात जाईल आणि कपाळाला न लावता पट्टीवर जाईल, असे तिने मला बजावले आहे.

एक चूक मान्य करतो. तिची जबाबदारी तुरीवर, पुडीवर, कीड नसल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्या पत्नीवर किंवा गप्प राहिलेल्या तिघांवर टाकत नाही. सगळ्यांच्या वस्तू मी तपासायला लावल्या, एका मुलावर त्याने न फोडलेला तापमापक फोडल्याचा संशय घेतला, आणि जे माझ्या घरातून आले ते तपासण्याच्या पलीकडचे मानले.

गुरुपादप्पा हुडगे